हौसेची खोली

लेसरचं मशीन दारातच अडकलं.

टेम्पोवाल्याने ते तिरकं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, शेवटी कपाळाला हात लावून पायरीवर बसला. भाद्रपदातला पाऊस चांदे गावच्या रस्त्यावर आडवा झोडपत होता. डॉ. सृष्टी मांडेकरने आपली छत्री मशीनच्या खोक्यावर धरली होती आणि ती स्वतः नखशिखांत भिजत उभी होती.

"डॉक्टर, दार काढू का?"

तिने मागे वळून पाहिलं. रस्त्याकडेला एक पांढरी पिकअप उभी होती, मागे लोखंडी पाइप रचलेले. तिथून एक उंच, सावळा माणूस बाह्या दुमडत येत होता. पावसाची त्याला काही घाई दिसत नव्हती.

"दार?" सृष्टी म्हणाली.

"चौकटीसकट. मशीन तर लहान व्हनार न्हाई... मग दारच मोठं करायचं."

"आणि ते परत कोण बसवणार?"

"काढनाराच. अर्ध्यातनं पळून जायची सवय न्हाई मला."

दुसऱ्याच्या शब्दावर पटकन 'हो' म्हणायची सृष्टीला सवय नव्हती. तिने आभाळाकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे जुने डाग होते, आणि ते हात अगदी निवांत होते.

"काढा," ती म्हणाली.

चौकट सुटली, मशीन आत गेलं, चौकट पुन्हा जागेवर बसली. दार बंद करून, उघडून, परत बंद करून त्याने दाखवलं. पूर्वी कुरकुरायचं, आता ते मुकाट सरकलं.

"सोमनाथ मरगळे," रुमालाने चेहरा पुसत तो म्हणाला. "शेजारच्या नांदे गावात फॅब्रिकेशनचं दुकान हाय माजं. खरं तर तुमच्याकडंच आलतो. आईला खोकला झालाय."

तेव्हा कुठे सृष्टीचं लक्ष गेलं. पिकअपच्या पुढच्या सीटवर डोईवर पदर घेतलेली एक बाई काच खाली करून हा सगळा तमाशा मजेत बघत बसली होती.

चार वर्षं झाली होती सृष्टीला दवाखाना थाटून. वडिलांच्या, विठ्ठलरावांच्या, गाळ्यात. सकाळ ताप, खोकला, जुलाब, विंचू यांत कशी जायची ते कळायचंही नाही. पण त्वचारोगाचा डिप्लोमा तिने जीव ओतून केला होता आणि त्यात शिकलेलं निम्मंअधिक असंच पडून होतं. दुसरीकडे मारुंजीच्या आणि हिंजवडीच्या सोसायट्यांमधल्या मुली तीळ काढायला, चेहऱ्यावरचे केस घालवायला थेट बाणेरला जात होत्या. दवाखान्याची मागची खोली रिकामी होती. सृष्टीने ठरवलं, तिथे दुपारनंतर अशीच कामं करायची. ज्यांच्यावाचून कुणाचं अडत नाही, पण जी केली तर माणसाला बरं वाटतं. ज्याला विमा नाही, सरकारी कार्ड नाही. जे करायचं ते आपल्या खुशीने आणि आपल्या खिशातून.

विठ्ठलरावांना काही ते पटलं नव्हतं. "दुखतंय म्हनून मानूस दवाखान्यात येतो. काईच दुखत नसताना कोन येनार, आन वर रोख पैसं मोजनार?"

"बाबा, तुमच्या चाळीतली गॅलरीची खोली आधी भाड्याने जाते की बिनगॅलरीची?"

"गॅलरीची."

"गॅलरीवाचून कुणाचं अडतं का?"

विठ्ठलरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि विषय भाताच्या लावणीकडे नेला.

सोमनाथच्या आईच्या, बानूबाईंच्या, छातीला नळी लावताना सृष्टीला त्यांचे कान दिसले. दोन्ही पाळ्या जड दागिन्यांनी खालपर्यंत चिरत गेलेल्या, दोन दोन शेंडे होऊन लोंबत होत्या. भिंतीवर नुकताच टांगलेला फलक बानूबाई निरखत होत्या.

"काय लिव्हलंय रं सोम्या? वाच की."

सोमनाथने वाचलं. "तीळ, चामखीळ, वांग, नको असलेले केस, जुनं गोंदण, फाटलेली कानाची पाळी... म्होरं दर लिव्हलेत."

"म्हंजी हौसेची खोली!" बानूबाई म्हणाल्या.

इंग्रजी नाव काय ठेवावं म्हणून नर्स रेश्मा आणि सृष्टी गेले आठ दिवस डोकं खाजवत होत्या. त्या दिवसापासून कुणी दुसरं नाव घेतलं नाही.

"मग शिव की माजे कान," बानूबाई म्हणाल्या. "सासूची सोन्याची फुलं डब्यात पडल्यात. दिवाळी झाली की ह्याच्यासाटी पोरी बघायला जायाचंय. पावन्यांच्या दारात असले फाटके कान घिऊन उभी ऱ्हाऊ व्हय?"

सोमनाथने खाकरून खिडकीबाहेर पाहिलं.

सृष्टीला स्वतःचं नवल वाटलं. जेमतेम अर्ध्या तासाची ओळख... आणि 'पोरी बघायला' हे शब्द आपल्याला खुपले कसे?

"आधी रक्त तपासू," ती डॉक्टरच्या आवाजात म्हणाली. "साखर, रक्तदाब. मग बोलू."

मागच्या खोलीचं पार्टिशन कुणाकडून करून घ्यायचं हा प्रश्न उरलाच नाही. दुसऱ्या दिवशी सोमनाथ टेप घेऊन हजर झाला. लवासाच्या साइटवर तो पोरसवदा असताना वेल्डिंग शिकला होता. तिथलं काम थांबलं तसा गावाकडे परतला आणि स्वतःचं दुकान टाकलं. घरची मेंढरं आता थोडीच उरली होती आणि ती थोरला भाऊ जोतिबा बघायचा.

"मला बाजूने वेगळं दार हवंय," सृष्टी म्हणाली. "गल्लीत उघडणारं."

सोमनाथने टेप खाली ठेवला. "दोन दारं कशाला? पैसंवाल्यांना येगळं आन खोकनाऱ्यांना येगळं?"

प्रश्न रोखठोक होता. सृष्टीला तो आवडला, पण तिच्याकडे उत्तर तयार होतं.

"एखाद्या मुलीला हनुवटीवर दाढीसारखे केस येतात. तिच्यावर ती चार वर्षं ओढणी लपेटून फिरते. पुढच्या बाकावर तिच्या चाळीतली सहा माणसं बसली असतील, तर ती आत येईल का?"

त्याने पुढच्या खोलीतल्या बाकाकडे वळून पाहिलं.

"आणि सकाळी तापाने फणफणलेली पोरं बसतात तिथे, ताज्या टाक्यांचं माणूस बसवू का मी?"

"न्हाई," तो म्हणाला. मग हळूच हसला. "मी हरलो. कुटं पाडू दार?"

"इतक्या लवकर हरता?"

"सगळीकडं न्हाई. जितं हरायला बरं वाटतंय... तितंच."

सृष्टीने फायलीत डोकं घातलं. रेश्माने मात्र फाईल उलटी असल्याचं पाहिलं आणि ओठ दाबून कापसाचे बोळे करत राहिली.

बानूबाईंचा रिपोर्ट आला तो चांगला नव्हता. तीन महिन्यांची सरासरी साखर दहाच्या वर. सृष्टीने त्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. इतक्या साखरेवर कान शिवला तर जखम चिघळेल, टाके उसवतील, होती ती पाळीही जाईल. गोळ्या सुरू करायच्या, पथ्य धरायचं, तीन महिन्यांनी परत रक्त तपासायचं. तोवर शिवायचं नाही.

"पैसं रोख देतीया न्हवं मी!" बानूबाई उसळल्या.

"रोख दिलेत तरी नाही. ही खोली तुमच्या इच्छेची, खरंय. पण सुई माझ्या हातात आहे, त्यामुळे माझीही इच्छा त्यात धरा."

बानूबाई फणकाऱ्याने पिकअपमध्ये जाऊन बसल्या. सोमनाथ मागे रेंगाळला. नव्या दाराच्या चौकटीला टेकून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "डॉक्टर... उपकार झाले."

"कसले?"

"लांबवलंत ते. आनखी थोडं लांबलं तरी चालंल. पोरी बघायची घाई आईला हाय, मला न्हाई. मला जी बघायची... ती मी गेलं आठ दिस रोज बघतोय."

गल्लीतल्या पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. सृष्टीच्या गालावर ऊब चढत आली... आणि मग त्याच्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग तिच्या डोक्यात शिरला.

"म्हणजे तुम्हाला वाटलं, मी तुमच्यासाठी खोटं सांगितलं?"

"तसं न्हवं..."

"तसंच!" रागाने तिची पुण्यात शिकलेली भाषा कुठच्या कुठे गेली. "तुमच्या आईची साखर खरंच वाढल्याली हाय! डोळं जातील, पाय जातील, आन तुमी मला उपकार झाले म्हनता? मी पेशंटला न्हाई म्हनते ती त्याच्या जिवासाठी. त्यात तुमी कुटंच न्हाई!"

सोमनाथचा चेहरा उतरला. त्याने कारणं दिली नाहीत, हसण्यावारी नेलं नाही.

"चुकलं माजं," तो म्हणाला. "लई चुकलं."

सृष्टीने श्वास घेतला. "आणि दुसरं जे बोललात... त्याचं उत्तर तुमच्या आईंची ट्रीटमेंट सुरू आहे तोवर मिळणार नाही."

तो वळता वळता थांबला. "म्हंजी... उत्तर हाय."

"पार्टिशनच्या काचा नीट बसवा," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं. दाराआड मात्र ती बराच वेळ तशीच उभी राहिली, हाताचा तळवा गालावर ठेवून.

खोली सुरू झाली आणि पहिले काही दिवस कुणीच फिरकलं नाही. विठ्ठलराव रोज चक्कर मारून जायचे, काही बोलायचे नाहीत, आणि तेच जास्त बोचायचं. सृष्टी डगमगली नाही. मारुंजीच्या तीन सोसायट्यांत जाऊन तिने बायकांना एकत्र केलं. काय होतं, काय होत नाही, किती दुखतं, किती पैसे लागतील, सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं.

पहिली आली ती वैष्णवी नावाची मुलगी, हिंजवडीत नोकरीला. तोंडावर मास्क, त्यावर ओढणी.

"डॉक्टर, हे इन्शुरन्समध्ये बसेल ना?"

"नाही बसणार. विमा आजाराचा असतो. हा आजार नाही, तुझी इच्छा आहे. आणि मुळात यावाचूनही तू छानच आहेस, हे ऐकून घे. त्यानंतरही करावंसं वाटलं तर करू."

वैष्णवीने ओढणी काढली. थोडी रडली, मग हसली. चौथ्या वेळी आली तेव्हा मास्क नव्हता आणि सोबत ऑफिसातल्या दोघी होत्या.

मग गाडं चालू लागलं. जिम लावलेली पोरं मुरमांचे खड्डे घेऊन आली. घोटवड्याच्या एक आजी कपाळावरची चामखीळ घेऊन आल्या. मुळशी धरणापलीकडून एक बाई हातावर गोंदलेलं पहिल्या नवऱ्याचं नाव घालवायला आली आणि ते कसं झालं ते सांगता सांगता इतकी हसली की रेश्माच्या हातातला ट्रे हलला. एक नवरदेव 'आठ दिवसांत गोरं करा' म्हणाला. त्याला सृष्टीने चहा पाजला आणि तसाच परत पाठवला. सकाळची ओपीडी मात्र होती तशीच, तितक्याच फीची, तितक्याच गर्दीची. उलट मागच्या खोलीच्या जोरावर पुढे ईसीजीचं मशीन आलं. त्या दिवशी विठ्ठलरावांनी मशीनवरून हात फिरवला. "गॅलरी चालली म्हनायची," एवढंच म्हणाले.

सोमनाथ दर पंधरवड्याला आईला घेऊन यायचा. बोलणं फक्त साखरेचं.

"जेवणाआधीची किती?"

"एकशे चाळीस."

"जेवणानंतरची?"

"एकशे नव्वद... मागल्यापरीस कमी हाय."

"छान."

'छान' म्हणताना ती वर बघायची आणि तोही नेमका तेव्हाच बघत असायचा. मग दोघंही एकदम त्या कागदात काहीतरी शोधायला लागायची.

बानूबाईंच्या तक्रारी संपता संपत नव्हत्या. "ह्यो मला गुळाचा च्या पिऊ देईना बाई! आन रोज सकाळी मेंढरामागं डोंगरावर चालवत न्हेतो. सोता बी येतो. धा वर्सांत मेंढराच्या मागं गेला न्हवता कदी!"

सृष्टीने ऐकून घेतलं. तो कुठलं कर्ज फेडतोय हे तिला कळत होतं. 'लांबलं तरी चालंल' म्हणणारा माणूस रोज पहाटेच्या धुक्यात उठून, एकेक पाऊल करत ती लांबण आखूड करत होता.

एकदा तो आईशिवायच आला. हातात तेलाची बुधली.

"गल्लीतलं दार वाजतंय म्हने. रेश्माताईंनी सांगितलं."

"मी न्हाई बाई," रेश्मा आतून म्हणाली.

सृष्टीने दार सरकवलं. त्याचा चकार आवाज आला नाही.

"वाजत नाहीये," ती म्हणाली.

"व्हय का..." त्याने बुधली या हातातून त्या हातात घेतली. "मग म्होरं कदी वाजंल, म्हनून... आत्ताच घालतो."

त्याने अगदी मन लावून तेल घातलं. तिने अगदी मन लावून ते बघितलं. जाताना तो म्हणाला, "मी काई इचारत न्हाईये. बगा."

"बघतेय," ती म्हणाली.

मार्गशीर्ष लागला आणि दुसरा रिपोर्ट आला. सोमनाथ स्वतः घेऊन आला. साखर सातापर्यंत उतरली होती. सृष्टीने कागद दोनदा वाचला. इतकं चांगलं तिचे पेशंट सहसा करत नाहीत.

"आता शिवा," तो म्हणाला. आवाज सरळ होता, पण बोटं चौकटीवर उगीच फिरत होती. "मामांनी भुगावच्या पोरीची एक जागा काढलीय. पुढच्या ऐतवारी बघायला जायाचं म्हनतात."

"आणि तुम्ही?"

"आईनं सासूची फुलं लई वर्सं डब्यात ठिवलीत. तिच्या कानात ती बगायची हायेत मला. माजं... माजं मी बगून घीन. त्यासाटी तिचा कान अडवनार न्हाई."

तो गेला. सृष्टी खुर्चीत बसली आणि तिने ठरवून टाकलं. ठरवायला तिला तसा वेळ लागलाच नाही.

संध्याकाळी जेवताना तिने वडिलांना सांगितलं. "बाबा, मला एक जण आवडलाय. सोमनाथ मरगळे. मागची खोली त्यानेच केली."

विठ्ठलरावांचा घास हातात राहिला. "मेंढरंवाल्या मरगळ्यांचा?"

"हो."

ते ताटावरून उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. सृष्टी मागे गेली नाही. आपले वडील एखादी गोष्ट गिळतात ती एकट्याने, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या वेळी ते आले आणि थेट मागच्या खोलीत गेले. दार सरकवून पाहिलं, काचेच्या कडेवरून नख फिरवलं.

"काम चोख करतंय पोरगं."

सृष्टीने किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"लोक बोलतील, सृष्टे."

"बोलू देत."

"तुला न्हाई बोलनार, मला बोलतील. तू हितं असशील दवाखान्यात, पारावर मी असनार." त्यांनी दार लावून घेतलं. "बसंन मी पारावर. दुपारी मानसं येतील का म्हनून लोक हसलं व्हतं तवाबी बसलोच की."

सृष्टीने पुढे होऊन त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घ्यायचा खोटा प्रयत्न केला आणि मग तो तसाच राहू दिला.

दोन दिवसांनी बानूबाई टेबलावर आडव्या झाल्या, डोळे मोठे करून छताकडे बघत. बाहेर गल्लीत सोमनाथ बाकावर. रेश्माने साहित्य मांडलं. सृष्टीने कान पुसले, पेनने खुणा केल्या, भुलीचं इंजेक्शन भरलं... आणि खाली ठेवलं.

"बानूबाई, सुई द्यायच्या आधी एक सांगायचंय."

"लई दुखनार हाय ना?"

"थोडं दुखेल. पण ते नाही. तुम्ही हे कान पोरगी बघायला जायचं म्हणून शिवून घेताय. मला... मला तुमचा मुलगा आवडतो. माझ्या मनात काय आहे ते तुमच्यापासून लपवून तुमच्या कानाला हात लावणं मला बरं वाटत नाही. तुमची इच्छा नसेल तर पिरंगुटला एक चांगले डॉक्टर आहेत, मी आत्ता फोन करते. ते शिवतील. राग धरणार नाही मी."

रेश्माच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये खणकन वाजला.

बानूबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. निरखून, एखादं कोकरू पारखावं तसं.

"त्येला ठावं हाय?"

"त्याने विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही."

"का?"

"तुम्ही माझ्या पेशंट. तुमचं काम आधी."

"तुजा बाप?"

"सांगितलंय त्यांना. पारावर बसेन म्हणाले."

बानूबाईंच्या तोंडाचा कोपरा हलला. "आमच्या घरात मेंढरं हायेत. वास येतो. त्यांच्या मागं जाशील?"

"नाही जमणार. मला दवाखाना आहे, तो मी सोडणार नाही. पण घरात कुणाला दुखलंखुपलं तर दुसरीकडे जायची वेळ येऊ देणार नाही."

"हात दाव."

"काय?"

"हात दाव तुजा. सुईचा."

सृष्टीने उजवा हात पुढे केला. बानूबाईंनी तो पाहिला. पाहतच राहिल्या. हात स्थिर होता.

"थरथरत न्हाई," त्या म्हणाल्या. "मग घाल टाकं. मी काय पिरंगुटला जात न्हाई आता."

सृष्टीने एक कान शिवला. बारीक, एकसारखे टाके, आजवर घातलेले सगळ्यात नेटके. मनातलं सगळं तिने खोलीबाहेर ठेवलं होतं. दुसऱ्या कानाला सुरुवात केली. निम्मे टाके झाले असतील, तेव्हा बानूबाई छताकडे बघतच म्हणाल्या,

"मान हलवू न्हाई म्हनलीस न्हवं?"

"अजिबात नाही. एवढा वेळ थांबा."

"म्हनून हलवत न्हाई. न्हाईतर मगाच हलवली असती."

ती मान होकाराची होती, हे कळायला सृष्टीला क्षण लागला. कळलं आणि डोळे भरून आले. समोरचा टाका धूसर झाला. तिने सुई थांबवली, रेश्माने न सांगता तिचे डोळे पुसले, आणि मग उरलेले टाके सृष्टीने त्याच हाताने, तितकेच नेटके घातले.

"फुलं कवा घालू?" उठून बसत बानूबाईंनी विचारलं.

"आठ दिवसांनी टाके काढू. मग दोन-अडीच महिने पाळी भरू द्यायची. त्यानंतर नवीन भोक पाडून देते."

"म्हंजी फाल्गुन. मग लगीन त्याच्या म्होरंच धरूया, चैत वैशाखात. फुलं घातल्याबिगर मी काय मांडवात उभी ऱ्हात न्हाई." दोन्ही कानांवर पांढऱ्या पट्ट्या लावून त्या बाजूच्या दारातून बाहेर पडल्या. गल्लीतून त्यांचा आवाज आला. "सोम्या, मामाला फोन लाव. ऐतवारचं भुगाव ऱ्हायलं म्हनावं. आन जा आत, डाक्टरीन बोलावती."

"कशाला?"

"मला काय इचारतो? जा!"

सोमनाथ आत आला. सृष्टी बेसिनपाशी हात धूत होती.

"आई कशी हाय? काई गडबड झाली का? भुगाव ऱ्हायलं म्हनाली..."

"कान मस्त झालेत." तिने नळ बंद केला, पण वळली नाही. इतक्या जणांना सांगून झालं होतं. वडिलांना, त्याच्या आईला, रेश्मालाही. आणि आता, ज्याला सांगायचं तो येऊन उभा राहिल्यावर, ती बंद नळच पुन्हा आवळत होती. "तुमचं एक उत्तर राहिलं होतं..."

दारं काढणारा, हजरजबाबी सोमनाथ आज चौकटीला हात टेकून उभा होता.

सृष्टी वळली. ओले हात तसेच. "हो," ती म्हणाली.

"हो... म्हंजी?"

"म्हणजे हो. मलाही. दार चौकटीत परत बसवलंस ना, त्याच दिवसापासून बहुधा. नक्की कधी ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही."

'बसवलंस' हा शब्द दोघांच्या मध्ये येऊन थांबला. तिच्याही लक्षात आला, त्याच्याही.

"आईला काय सांगितलंस?" त्यानेही हळूच, चाचपडत, 'तू'वर पाऊल ठेवलं.

"हेच. तुझ्या आधी."

"माज्या आधी?" तो हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि ते लपवायची तसदीही घेतली नाही. "आन मी बाहेर बाकावर बसून देवाला म्हनतोय, कान तेवडा नीट होऊ दे, बाकी काय मागत न्हाई..."

बाहेर बानूबाई रेश्माशी हुज्जत घालत होत्या. रेश्मा पैसे घ्यायला तयार नव्हती. "घे म्हनते ना! फलकावर लिव्हलेत तेवडं पुरं घे. सून व्हईल तवा व्हईल, आज डाक्टरीन हाय!"

आत दोघंही ऐकत उभी होती. सृष्टीने टॉवेलसाठी हात पुढे केला, पण टॉवेल त्याच्या बाजूला होता. त्याने तो दिला नाही. तिचे ओले हातच आपल्या हातांत घेतले.

"पाच वाजता माझा पुढचा पेशंट आहे," ती कशीबशी म्हणाली.

"व्हय का?" तो म्हणाला. "मग अजून येळ हाय... सृष्टी."

इतके महिने तो तिला डॉक्टरच म्हणत आला होता. आपलं नाव त्याच्या आवाजात कसं लागतं, ते तिने आज पहिल्यांदा ऐकलं.

"परत म्हण," ती म्हणाली.